चहाचा कप आणि नेमबाजाचा हात

 भिलाईहून बोलतोय. आज माझ्यासमोर टेबलावर चहाचा कप आहे, आणि आजचा विषयही तोच.

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवा. पॅरिस ऑलिंपिकमधली नेमबाजी शातोरू गावी होती. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत आपला स्वप्नील कुसाळे उभा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नोकरी मध्य रेल्वेत. ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक आणलं. त्यानंतर पत्रकारांना त्याने सांगितलं की पोटात कालवाकालव होत होती, काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा घेऊन आलो. बातमी वाचून मी हसलो. कारण चाळीस वर्षांपूर्वी फायरिंग रेंजवर आमचे उस्ताद, म्हणजे शस्त्र शिकवणारे हवालदार, सकाळी पहिली गोष्ट विचारायचे ती हीच, "चहा कोणी कोणी प्यालाय?" ज्याने हात वर केला त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. "चाय से आँख खुलती है, हाथ हिलता है," हे त्यांचं वाक्य. शाळा सातवीपर्यंत, पण त्यांच्या हाताखालच्या पोरांचं ग्रुपिंग एका रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जायचं.

मग खरं कोण? उस्ताद की ऑलिंपिकवीर? मी शास्त्रज्ञ नाही, साधा बी.ए. झालेला निवृत्त फौजी आहे. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एका वेगळ्या कारणाने बसलेला आहे. ते कारण पुढे सांगतो.

चहा आणि कॉफी, दोन्हींत काम करणारा पदार्थ एकच, कॅफीन. १८१९ साली फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो कॉफीच्या बियांतून वेगळा काढला. त्या बिया त्याला दिल्या होत्या कोणी, तर महाकवी गटेने. १८२७ मध्ये चहातूनही असाच पदार्थ निघाला, त्याला लोकांनी 'थेईन' असं वेगळं नाव ठेवलं. दहाएक वर्षांनी कळलं की थेईन आणि कॅफीन एकच. म्हणजे चहावाले आणि कॉफीवाले उगाचच भांडतात, मूळ मालक एकच आहे.

पदार्थ सापडला, पण त्याने माणसाच्या डोक्याला आणि हाताला नेमकं काय होतं हे मोजायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गेली. अडचण साधी होती. चहा प्यालेल्या माणसाला आपण चहा प्यालोय हे माहीत असतं. मग हुशारी चहाने आली की चहाच्या नुसत्या वासाने, हे ठरवायचं कसं? इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाच्या डॉक्टराने हा पेच पकडला. हा माणूस आपल्याला थोडा परका वाटला तरी पूर्ण परका नाही. १९०१-०२ मध्ये तो निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांबरोबर राहिला होता आणि त्यांच्यावर त्याने १९०६ साली ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात हाच रिव्हर्स मनाने खचलेल्या लष्करी अधिकाऱ्यांवर उपचार करत होता. तर या रिव्हर्सने वेबर नावाच्या सहकाऱ्याबरोबर १९०७ मध्ये कॅफीन आणि स्नायूंचा थकवा यावर प्रयोग प्रसिद्ध केले. बोटाने वजन उचलायचं, पुन्हा पुन्हा, थकेपर्यंत. आणि पेय असं तयार करायचं की त्यात औषध आहे की नाही हे चवीवरून ओळखू येऊ नये. आज हे कोणत्याही औषधाच्या चाचणीत गृहीत धरतात. तेव्हा ते नवं होतं.

पण डोकं आणि हात या दोघांचा एकत्र हिशेब मांडला तो अमेरिकेत, आणि तोही एका खटल्यापायी. ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण यात मजा आहे.

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारच्या माणसांनी कोका-कोलाच्या सरबताची चाळीस मोठी आणि वीस लहान पिंपं जप्त केली. आरोप असा की यात घातलेलं कॅफीन आरोग्याला घातक आहे. अमेरिकेतल्या अशा जप्तीच्या खटल्यांची नावं पाहा, वस्तूच आरोपी असते. खटल्याचं नाव होतं 'अमेरिकेचं सरकार विरुद्ध कोका-कोलाची चाळीस मोठी आणि वीस लहान पिंपं'! मार्च १९११ मध्ये चॅटानूगा गावच्या कोर्टात सुनावणी उभी राहिली. तारीख जवळ आली तेव्हा कंपनीच्या लक्षात आलं की कॅफीनचा माणसाच्या मेंदूवर काय परिणाम होतो याचा आपल्याकडे धड पुरावाच नाही. नामवंत प्राध्यापक या कामाला हात लावेनात, कंपनीचे पैसे घेतले की नाव जाईल म्हणून. शेवटी हॅरी हॉलिंगवर्थ नावाचा एक तरुण शिक्षक तयार झाला. त्याला पैशाची नड होती हे त्याने लपवलं नाही. पण त्याने अटी घातल्या. निकाल काहीही लागला तरी मी तो छापणार, आणि माझं नाव तुम्ही जाहिरातीत वापरायचं नाही. फौजेत आम्ही म्हणतो, हुकूम घ्यायच्या आधी प्रश्न विचारून घ्या. हॉलिंगवर्थने विचारून घेतले.

न्यूयॉर्कमध्ये सहा खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. सोळा माणसं निवडली, दहा पुरुष, सहा बायका. चाळीस दिवस प्रयोग चालला. रोजची देखरेख त्याच्या पत्नीची, लीटाची. ही बाई पुढे स्वतः मोठी मानसशास्त्रज्ञ झाली. माणसांना कॅप्सूल द्यायच्या, काहींत कॅफीन, काहींत नुसती दुधाची साखर. कोणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. मात्रा एक ग्रेनपासून सहा ग्रेनपर्यंत. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या घरच्या चहाच्या एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं असं धरलं तर सहा ग्रेन म्हणजे एका दमात आठ-दहा कप.

आणि परीक्षा कसल्या? टेबलावर पट्टीवर धातूची काडी भराभर आपटायची. रंगांची नावं झटपट सांगायची. बेरजा. विरुद्धार्थी शब्द. टाइपरायटरवर मजकूर उतरवायचा. एका लहान भोकात धातूची सळई कडेला न लावता धरून ठेवायची, कडेला लागली की विजेचा संपर्क होतो आणि चूक मोजली जाते. तीन भोकांत आळीपाळीने नेमकी सळई घालायची. आमच्या रेंजवरच्या ट्रिगरच्या सरावाचीच ही भावंडं म्हणा ना!

निकाल असा निघाला. नुसत्या वेगाच्या कामात, म्हणजे काडी आपटण्यात, कॅफीनने वेग वाढला. आकडेमोड, रंग, शब्द, या डोक्याच्या कामांतही तरतरी आली. ज्या कामात डोळा आणि हात यांची जुळणी लागते, जसं तीन भोकांचं काम, तिथे थोड्या मात्रेने फायदा आणि जास्त मात्रेने उलट तोटा. टाइपरायटरवरही थोड्या मात्रेने वेग वाढला, जास्तीने घटला. आणि हात स्थिर ठेवण्याच्या परीक्षेत मात्र फायदा कुठेच नाही. थोड्या मात्रेत किंचित कंप, सहा ग्रेनला चांगलाच कंप. आणखी दोन गोष्टी दिसल्या. हलक्या वजनाच्या माणसावर परिणाम जास्त. आणि रिकाम्या पोटी परिणाम जास्त.

सातवी शिकलेले आमचे उस्ताद आणि न्यूयॉर्कचा हॉलिंगवर्थ एकाच वाक्यावर आले. डोळा उघडतो, हात हलतो. फरक इतकाच की किती मात्रेला काय होतं हे हॉलिंगवर्थने मोजलं.

खटल्याचं काय झालं म्हणाल, तर हॉलिंगवर्थच्या मेहनतीवर काहीच ठरलं नाही. न्यायाधीशाने कायद्याच्या शब्दार्थावर खटला काढून टाकला. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत उभा केला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने कॅफीन कमी करून तडजोड केली. संशोधन मात्र १९१२ मध्ये पुस्तकरूपाने आलं, आणि आजही या विषयावर बोलणाऱ्याला तिथूनच सुरुवात करावी लागते.

आता आपल्याकडे या. आपल्या महाराष्ट्रात चहाचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो १८९० च्या ऑक्टोबरमध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने तिथे सभा भरली, रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. गोपाळरावांनी मग हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. पुढे ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्तं. दोन वर्षं पुणं त्या एका कपात घुसळत होतं. पण सगळा वाद वाचून पाहा, प्रश्न एकच, कप कोणाच्या हातचा? त्या कपात काय आहे आणि ते पोटात गेल्यावर काय करतं, हे कोणालाच विचारायचं नव्हतं.

त्याच १८९० साली, १० जूनला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याला यश येऊन गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दुपारी अर्धा तास विश्रांती ही लोखंड्यांची मागणी १८८४ पासूनची. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो. एकीकडे चहा विटाळ म्हणून दारात अडवलेला, दुसरीकडे माणूस यंत्रापुढे थकतो हे पहिल्यांदा मान्य होतंय. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी यंत्र थांबेना. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला होता, त्या पैशातून चहाचा प्रचार चाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचारकांचं लक्ष कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापड गिरण्यांकडे वळलं. तिथे चहाची दुकानं मांडली गेली, मालकांना पटवलं गेलं की मधे चहा दिलात तर कामगार ताजा राहील. कामगाराला विश्रांती हवी होती, मिळाला चहा. विश्रांतीबरोबर मिळाला तिथे ठीक. विश्रांतीऐवजी मिळाला तिथे तो नुसता चाबूक होता, गोड चाबूक. गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात चहा-कॉफीवर नापसंती दाखवली. पण तोवर मुंबईचा कामगार त्यांचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. मीही ऐकलेलं नाही, हे कप बघून तुम्हाला दिसतंच आहे.

फौजांचा इतिहास याहून जुना. १८३२ मध्ये अमेरिकी सैन्यात शिपायाच्या शिध्यातली दारू काढून त्याजागी कॉफी आणि साखर आली. १८५४-५५ च्या क्रायमियाच्या हिवाळ्यात इंग्रज शिपायांना कॉफी दिली गेली, पण हिरवी, न भाजलेली! भाजायला सरपण नाही, दळायला साधन नाही. पुरवठा खात्याचे लोक सगळीकडे सारखेच, हे माझं वैयक्तिक मत. १८७० मध्ये कॅनडातल्या रेड रिव्हरच्या मोहिमेत वुल्झलीने आपल्या शिपायांना रमऐवजी चहावर चालवलं आणि ते जंगलातून होड्या ओढत नीट पोहोचले. दुसऱ्या महायुद्धात आपल्या हिंदी पलटणींबरोबर चहाच्या गाड्या फिरायच्या.

अलीकडचा सगळ्यात कडक प्रयोग अमेरिकी नौदलाच्या सील कमांडोंचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. प्रशिक्षणातल्या त्यांच्या 'नरकाच्या आठवड्यात' ६८ जवान, तीन दिवस जवळजवळ झोप नाही, थंड पाणी. मग काहींना १००, काहींना २००, काहींना ३०० मिलिग्रॅम कॅफीन, काहींना काहीच नाही. लक्ष ठेवणं, झटकन प्रतिसाद देणं, नवी गोष्ट शिकणं, हे सगळं सुधारलं. २०० ची मात्रा सगळ्यात योग्य ठरली. पण नेमबाजीची अचूकता? तिच्यात फरक नाही. डोकं जागं झालं, गोळी होती तिथेच लागली.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन त्याच जागा अडवून बसतं. गर्दीच्या पॅसेंजरमध्ये रुमाल टाकून सीट धरतात तसं. अ‍ॅडिनोसिन जात नाही, ते दारात उभंच असतं, साठतच असतं. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रुमाल उचलला की दारातली सगळी गर्दी एकदम आत घुसते.

हे मला नव्वदच्या दशकात माहीत असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी एका काफिल्याचा प्रमुख होतो. डोंगराळ रस्ता, जागा आणि पलटण सांगत नाही. दिवसभर रस्ता बंद, संध्याकाळी उघडला, आणि मला सकाळपर्यंत पोहोचायचं होतं. एक चालक आदल्या रात्रीही ड्यूटीवर होता. सुभेदार साहेब मला म्हणाले, "साब, इसको दो घंटा सुला दें." मी म्हणालो, चहा पाजा आणि निघा. रात्री दहाला चहा, एकला चहा, तीनला पुन्हा. तीनला मी स्वतः त्याच्याशी बोललो. डोळे टक्क उघडे, उत्तरं खणखणीत. मला वाटलं, झालं. पहाटे पावणेपाचला त्याची गाडी वळणावर सरळ गेली आणि कठड्याला जाऊन धडकली. कठडा मजबूत होता. एका जवानाचं कॉलरबोन मोडलं, बाकी सगळे वाचले. चालकाला ब्रेक दाबल्याचंच आठवत नव्हतं. चौकशीत त्याच्यावर ठपका आला, मलाही लेखी ताकीद मिळाली. पण 'चहा पाजा' हा हुकूम कागदावर कुठेच नव्हता. तो मी आज सांगतोय.

पुढे वाचनात आलं की १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात रेनर आणि हॉर्न यांनी पेंगुळलेल्या चालकांवर नकली गाडीत प्रयोग केले होते. कॅफीन प्यायचं आणि लगेच पंधरा मिनिटांच्या आतली डुलकी काढायची. कॅफीन चढायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात ही डुलकी होते. दोन्ही मिळून चुका सर्वात कमी झाल्या. म्हणजे सुभेदार साहेबांचे दोन तास सोडा, पाव तासाच्या डुलकीचीही थोडी मदत झाली असती.

निवृत्तीनंतर मी भिलाईत आलो. पोलाद कारखान्याचं गाव. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टी विझवता येत नाही, म्हणून तेव्हापासून या गावाला रात्र नाही. रात्री दहाला लागणारी पाळी सकाळी सहाला सुटते, आणि सहाच्या ठोक्याला टपऱ्यांवर गर्दी. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी घरं याच कारखान्याच्या ओढीने इथे आली. आमचे शेजारी त्यांतले. मूळ गोंदियाचे, तीसेक वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले. खाली वितळलेल्या पोलादाने भरलेली प्रचंड बादली, वर खोपटात हा एकटा माणूस, हातात दांडा. दांडा एक बोट जास्त सरकला की बादली झुलते.

मी त्यांना हॉलिंगवर्थची सळई आणि भोकाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हे मले कोणी सांगा नाही लागत, मेजर साहेब. रात्रपाळीत अर्धा कप घेतला का डोकं चालते. पुरा कप घेतला का हात बोलते. न् चार वाजता घेतला का घरी जाऊन झोप नाही येत, दुसऱ्या रात्री मंग दोन कप लागते." शेवटचं वाक्य कुठल्याही प्रयोगशाळेत छापून लावावं असं आहे. रात्रपाळीतल्या माणसाचा खरा घोटाळा तिथेच आहे.

कारखान्यात कँटीन असणं हेही सहज आलेलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीनची सोय सरकारला सक्तीची करता आली, आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती बंधनकारक झाली.  त्या कायद्यात कँटीन आणि विश्रांती ही दोन वेगळी कलमं होती, याची मला फार गंमत वाटते. कायदा करणाऱ्यांना फरक कळत होता. मला त्या रात्री डोंगरात कळला नव्हता.

भिलाईची दुसरी ओळख आता कोचिंगची. माझी नात बारावीला आहे. रात्री एक वाजता तिच्या टेबलावर एनर्जी ड्रिंकचे दोन रिकामे डबे दिसले. मी डबा उचलून बारीक अक्षरं वाचली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या डब्यात ७५ च्या आसपास. मुलांनी, गरोदर बायकांनी घेऊ नये, ही सूचनाही छापावी लागते. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं साधारण मानतात. पण तिचं वजन सत्तेचाळीस किलो, आणि जेवण तसंच झाकून ठेवलेलं. हॉलिंगवर्थच्या दोन्ही गोष्टी, हलकं वजन आणि रिकामं पोट.

तिला मी रागावलो नाही. उस्तादांची जुनी परीक्षा घेतली. पेन्सिलीच्या टोकावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हटलं, आजोबांसारखं हात लांब करून एक मिनिट धर. नाणं अकरा सेकंदांत पडलं. मग ती म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही धरा." मी संध्याकाळपासून चार कप घेतले होते. माझं नऊ सेकंदांत पडलं. तिने मोबाइलवर वेळ लावून ठेवला होता, त्यामुळे नाकबूल करायची सोय नव्हती. मग दोघांनी झाकलेलं ताट उघडलं.